वयलो व्हाळ, सकयलो व्हाळ

माझं माहेर चढावर आणि सासर उतारावर. मधे एक व्हाळ. पावसात फुगणारा आणि उन्हाळ्यात नुसते दगड उघडे टाकून पडणारा हा ओढा माझ्या माहेरच्या गावात उगवतो आणि माझ्या सासरच्या परसामागून नदीकडे जातो. लग्न झाल्यावर मीही त्याच वाटेनं खाली आले. फरक एवढाच की मी येताना पितळेची भांडी आणि एक कपाट घेऊन आले, व्हाळ हल्ली डिझेल घेऊन येतो.

माहेरी त्याला ‘सकयलो व्हाळ’ म्हणतात. सकयल म्हणजे खाली. सासरी त्यालाच ‘वयलो व्हाळ’ म्हणतात. वयर म्हणजे वर. म्हणजे माहेरच्यांच्या मते तो खालच्यांचा आणि सासरच्यांच्या मते तो वरच्यांचा. आपला म्हणून त्याला कुणी कधी हाक मारली नाही. मी माहेरी गेले की एक नाव घ्यायचे, सासरी परतले की दुसरं, आणि यात काही गडबड आहे असं मला कधी वाटलं नाही. बायकांना तर अशी दोन नावं असतातच. एक बापाच्या घरचं आणि एक नवऱ्याच्या घरचं.

दोन्ही गाव पेडणे तालुक्यातले, धारगळपासून फार लांब नाहीत. वरच्या गावाला हायवे घासून जातो. डिचोलीकडच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तिथले बरेच ट्रक काम शोधत हायवेला लागले, आणि ट्रक आले म्हणून त्यांना धुणारेही आले. माझ्या माहेरच्यांनी काजूची झाडं तोडून जागा भाड्यानं दिली. आता तिथं ट्रक धुतात, ऑइल बदलतात, टायर जाळतात, शेजारी कोंबड्या कापतात. हे सगळं ज्या उतारावर चालतं त्याच्या पायथ्याशी व्हाळ आहे. उन्हाळ्यात ती घाण जागच्या जागी राहते आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाऊस लागला की सगळा उतार एकदम स्वच्छ होतो, आणि माझ्या माहेरची माणसं म्हणतात, बघा आमचा गाव कसा धुऊन निघाला.

धुऊन निघालेलं ते सगळं माझ्या परसात येतं. व्हाळ आणि माझी विहीर यांच्यात एक माडांची रांग आणि केळीची आळी, एवढंच अंतर. तीन-चार पावसाळे झाले, व्हाळ फुगला की दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला. मी नवऱ्याला दाखवला. तो वाकून बघत म्हणाला, “केळीचो चीक आसतलो गो.” मग त्यानं बालदीतून ओंजळभर पाणी घेऊन चाखलं, थुंकलं, आणि त्या दिवसापासून नळाचं पाणी पिऊ लागला. पण चीक म्हणायचं काही सोडलं नाही. आमच्या घरात मत बदलण्यापेक्षा पाणी बदलणं सोपं असतं.

मला हे असंच चालू देता आलं असतं. नळाला पाणी येतं, मनात आलं तर. पण त्या वर्षी माझ्या लेकीला दिवस गेले होते. ती बांद्याच्या पलीकडे, सिंधुदुर्गात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मी खोली रंगवून घेतली होती, खाट उन्हात टाकली होती. तांब्याचं भाणं, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, कल्हईवाल्याकडून उजळून घेतलं होतं. तिचा फोन आला. “आई, बांयचा पाणी नीट जायसर मी येवचंय नाय हां. बाळाक काय डिझेलान न्हाणयतलंस?”

मी हसण्यावारी नेलं, पण फोन ठेवल्यावर बांयच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर जाऊन बसले. चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर तिचे दिवस भरत होते. म्हणजे मला हे पाणी तेवढ्या वेळात नीट करून घ्यायचं होतं, आणि पाणी नीट करायचं तर वरचे ट्रक हलवायला हवे होते. सोपं काम. वरचा सरपंच माझा सख्खा थोरला भाऊ आणि खालचे सरपंच माझे सख्खे थोरले दीर. आमच्याकडं अविश्वासाचे ठराव इतके होतात की सरपंचपद प्रत्येक घरात कधी ना कधी येऊन जातंच. त्या वर्षी ते माझ्या दोन्ही घरांत एकदमच आलं होतं. मला वाटलं, देवानंच योग जुळवून आणला. देवावर माझा फार विश्वास होता त्या दिवसांत.

मी म्हापशाला सोसायटीत नोकरी केलेली बाई, अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण आधी भावाकडे गेले. व्हाळात आम्ही दोघांनी लहानपणी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरलेले. मी पाय घसरून पडले की हाच मला उचलून घ्यायचा. त्यानं चहा दिला, उंडो पाव दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाय, तुजी बांय खराब जाली म्हणून आमी ट्रक बंद करूचे? आनी ट्रकांचाच पाणी ता, हेका पुरावो काय?”

“वास येता दादा. डिझेलाचो.”

“वासाक काय रिपोर्ट आसता?”

दिरांकडे गेले. माझे थोरले दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत. ते माझ्या नवऱ्याकडं बघून बोलतात आणि मला ऐकवतात. ते नवऱ्याला म्हणाले, “तेका सांग, घाण तेच्या म्हायेरची. म्हायेराक जावन सांग म्हणा.” मी नवऱ्याला म्हटलं, “भावोजींका सांगा, आत्ताच थंय जावन इलंय.” नवरा दोन्हीकडे मान हलवत राहिला. या संसारात त्याच्या मानेला फार व्यायाम झाला आहे.

मग मात्र पेडण्याला गट विकास कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं, वाहत्या पावसाचं पाणी तपासावं लागेल, तेही एकदा नाही, पावसाळाभर पुन्हा पुन्हा, म्हणजे घाण कुठून येते ते कळेल. खर्च दोन्ही पंचायतींनी वाटून घ्यावा. तसं पत्रही काढलं. मी बसनं घरी येताना मनातल्या मनात बाळाला न्हाऊ घालत होते.

वाटून घ्यावा, हे लिहायला एक ओळ लागली आणि ठरायला पावसाचा पहिला महिना गेला. आधी सभा कुठं घ्यायची यावर घोडं अडलं. दुसऱ्याच्या पंचायतीत जायला कुणी तयार नव्हतं, कारण जो जाईल त्याची चूक, असं दोघांनीही ठरवून टाकलं होतं. शेवटी सभा साकवावर झाली. साकव म्हणजे व्हाळावरचा छोटा पूल. अर्धे पंच साकवाच्या त्या टोकाला, अर्धे या टोकाला, सगळ्यांच्या डोक्यावर छत्र्या, आणि खाली तांबडं-काळं पाणी धडधडत चाललेलं. त्या पाण्याकडं कुणीही बघत नव्हतं.

माझे दीर म्हणाले, घाण ज्यांची त्यांनी पैसे भरावे. माझा भाऊ म्हणाला, त्रास ज्यांना होतो त्यांनी भरावे, आम्हाला काहीच त्रास नाही. एका पंचानं व्हाळाच्या लांबीप्रमाणे वाटणी सुचवली. मग लांबी मोजायची कुणी आणि त्या मोजणीचा खर्च वाटायचा कसा, यावर नवी चर्चा सुरू झाली. दुसऱ्यानं डोक्यांप्रमाणे म्हटलं, तेव्हा दोन्ही गावांची लोकसंख्या त्या सकाळी अचानक घटली. एरवी मतदार यादीत मेलेल्यांनाही जिवंत ठेवणारी ही माणसं, त्या दिवशी मुंबईला गेलेल्या, गल्फला गेलेल्या, म्हातारपणानं अंथरुणाला खिळलेल्या सगळ्यांना वगळायला लागली. अखेर कुणीतरी म्हणालं, निम्मेनिम्मे करा आणि मिटवा. दोघेही सरपंच लगेच खूश झाले. आपण दुसऱ्याला निम्म्यात गुंडाळलं, असं दोघांनाही वाटत होतं.

मग नारळ फोडण्याशिवाय आमच्याकडं काही सुरू होत नाही. साकवावर केळीच्या पानावर विडा ठेवला गेला आणि एका जाणत्या माणसानं गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या व्हाळात जा काय वायट-वंगाळ आसा, ता आमच्या शिमेभायर घाल रे म्हाराजा!” सगळ्यांनी एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हटलं. सर्वांत मोठा आवाज माझ्या भावाचा होता. त्याच्या गावाची शीव साकवावरच संपत होती, आणि त्याचं गाऱ्हाणं देव कित्येक वर्षं न चुकता ऐकत आला होता. दीरही जोरात ओरडले. त्यांच्या शिवेपलीकडं नदी होती. मधे फक्त मी होते, छत्री धरून, आणि खोटं कशाला बोलू, सवयीनं मीही “व्हय म्हाराजा” म्हणून बसले.

दोन्ही पंचायतींनी आपापल्या घरी जाऊन ठराव केले. आणि इथं ते घडलं, जे फक्त आमच्याकडंच घडू शकतं. वरच्या पंचायतीनं ठराव केला की, ‘सकयलो व्हाळ’ या व्हाळाच्या पाण्याच्या तपासणीचा निम्मा खर्च द्यावा. खालच्या पंचायतीनं ठराव केला की, ‘वयलो व्हाळ’ या व्हाळाच्या पाण्याच्या तपासणीचा निम्मा खर्च द्यावा. दोघांनीही वर्षानुवर्षं तोंडात असलेलं नाव लिहिलं. कुणी लबाडी केली नाही. लबाडी करायला निदान विचार तरी करावा लागतो.

पणजीच्या प्रयोगशाळेकडं दोन आदेश गेले. दोन व्हाळ, आणि दोघांचेही निम्मे पैसे. तिथला माणूस बर्फाचा डबा आणि बाटल्या घेऊन भर पावसात आला. खालच्या गावात त्यानं मलाच विचारलं, “वयलो व्हाळ खंय?” मी परसामागं बोट दाखवलं. त्यानं साकवावर जाऊन बाटली भरली. मग स्कूटरवर बसून वरच्या गावात गेला, तिथं ‘सकयलो व्हाळ’ विचारला, आणि तिथल्यांनी त्याला खाली पाठवलं. थोड्या वेळानं बघते तर हा पुन्हा त्याच साकवावर, त्याच जागी, दुसरी बाटली बुडवतोय.

मी धावत गेले. म्हटलं, “अहो, हाच तो. दोन्ही एकच.”

“आसत मॅडम,” तो बाटलीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाला. “पूण ऑर्डरी दोन आसात.”

निम्म्या पैशांत निम्म्या चाचण्या, असा त्यांचा हिशेब. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या, एकीच्या चाचण्या एका अर्ध्यातल्या, दुसरीच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या. पुढचे कित्येक आठवडे तो येत राहिला आणि एकाच जागी उभा राहून इमानेइतबारे दोन व्हाळ भरत राहिला. शेवटी अहवाल आले. सकयल्या व्हाळाचा रंग, आंबटपणा, क्षार, गढूळपणा तपासला होता. पावसाळ्याच्या मानानं सगळं ठीक. वयल्या व्हाळाचं तेल, ग्रीस आणि इतर नको ते तपासलं होतं. सगळंच मर्यादेच्या बाहेर. अहवालात लिहिलं होतं, हे पाणी आणि त्याच्या पाझराचं पाणी पिण्यास अयोग्य.

मला आनंद झाला. आपल्या विहिरीचं पाणी विषारी आहे हे वाचून कुणी आनंदानं टाळी वाजवत असेल, तर ती मी. कागद पदराखाली धरून तशीच भावाकडं गेले.

भावानं दोन्ही अहवाल वाचले. चष्मा काढला. “बाय, आमचो सकयलो व्हाळ बरो आसा म्हणून लिवलांहा. घाण मिळाली ती वयल्या व्हाळात. आमच्या गावात वयलो म्हणून व्हाळच नाय.”

“दादा, तोच तो. हंयच आपण कुर्ल्यो धरल्यो मरे.”

“आमी धरल्यो त्यो सकयल्या व्हाळात,” तो म्हणाला.

मला एवढा संताप आला की तिथलं पाणीही न पिता मी उठले. दिरांकडं आले. दीर नवऱ्याला म्हणाले, “मियां पयलीच सांगलला, वयलो व्हाळ खराब. पूण नाव बग. वयलो. वयलो म्हणजे वयल्यांचो. आमच्या हद्दीत तो येना.” एवढं बोलून ते समाधानानं सुपारी कातरायला लागले. आपलं म्हणणं खरं ठरलं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

म्हणजे आमच्याकडं आता दोन व्हाळ झाले. एक स्वच्छ व्हाळ, तो वरच्या गावात. एक घाण व्हाळ, तो कुठल्याच गावात नाही. एवढा खर्च करून सरकारी शिक्क्यानिशी एवढं सिद्ध झालं होतं.

मी पुन्हा पेडण्याला गेले. अधिकारी बाईंनी डोक्याला हात लावला. त्यांना सगळं समजत होतं, ही त्यांची अडचण होती. जमिनीच्या नकाशात व्हाळाला नावच नव्हतं, नुसती निळी रेघ. दोन्ही नावं एकाच रेघेची, असा एकत्र ठराव दोन्ही पंचायतींनी करून द्यावा, असं त्यांनी लिहिलं. आता हा ठराव कोण करणार? वयलो हे नाव घेतलं की घाण भावाच्या पदरात. सकयलो हे नाव घेतलं की दिरांच्या. दोघांनीही तोंडाला कुलूप घातलं. एरवी एकमेकांच्या घरी गणपतीला न जाणारे हे दोघे सोयरे या एका बाबतीत एकजीव झाले.

तोवर लोकांच्या जिवाची काळजी म्हणून ताबडतोब सूचनाफलक लावावा, असं कार्यालयातून पत्र आलं. आणि काय सांगू, फलकाच्या खर्चाची वाटणी एका दिवसात झाली! निम्मेनिम्मे, विनातक्रार. फलक कुठं लावायचा यावरही वाद नाही. ट्रक धुतात तिथं लावला तर धंदा बसेल, साकवावर लावला तर शीव कुणाची हा प्रश्न येईल. तेव्हा तक्रार जिनं केली तिच्याच परसात, विहिरीला लागून. लोखंडी खांब सिमेंटमध्ये रोवला. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं, ‘या विहिरीचे पाणी पिण्यास व वापरण्यास मनाई आहे’, आणि खाली दोन्ही पंचायतींची नावं शेजारी शेजारी. दोन्ही गावांची नावं एका ओळीत लिहिलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

व्हाळाला अडचण नव्हती. ट्रकांना अडचण नव्हती. मनाई झाली ती विहिरीला. उद्घाटनाला भाऊ आणि दीर फलकाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि मधे मला बोलावलं. मी गेले नाही. भावानं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडल्याची चित्रं. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती चिडली नव्हती, तेच मला जास्त लागलं. ती नुसतं म्हणाली, “आई, र्‍हवांदे. हंयच करतो आमी.” मी बरं म्हटलं. उजळलेलं भाणं खिडकीखाली पालथं घातलं, आणि मग मला रडू आलं. पहिलटकरीण लेक सासरी बाळंत होणार. लोक काय म्हणतील याचं मला दुःख नव्हतं असं नाही, ते होतंच. पण मी रंगवलेल्या खोलीत ते बाळ पहिल्यांदा रडणार नव्हतं, याचं जास्त होतं.

चवथीनंतर नात झाली. मी बसनं बांद्याला आणि तिथून रिक्षानं तिच्या गावी गेले. व्याहीण चांगली बाई, तिनं मला हात धरून आत नेलं, म्हणाली, “पयली न्हाणी तुमीच घाला, आजयेचो मान तुमचो.” परसात चुलीवर पाणी तापत होतं. नातीला पायांवर घेऊन बसले. घंगाळात हात घातला, आणि तो हात आपोआप नाकाशी गेला. आता ही माझी खोडच झाली आहे. वास नव्हता. पाणी नितळ होतं. मला व्याहिणीचा हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

“पाणी बरा आसा तुमचा,” मी म्हटलं. “बांयचा?”

“बांयचाच. पण बांयत येता खंयसून, तर वयल्या व्हाळाचा,” ती कौतुकानं म्हणाली. “बारा म्हयने आटणा नाय.”

तांब्या माझ्या हातातच राहिला.

“आनी वर काय आसा?” मी विचारलं.

“वर?” तिला प्रश्नच कळला नाही. “वर आमचा काय नाय. वर दुसरो गाव.”

नात हातपाय झाडत होती. मी पाणी पुन्हा एकदा हुंगलं, आणि तिच्या डोक्यावर ओतलं.